सव्वाआठ फूट

आमच्या गावात कुणी फिरायला जात नाही. रानात जातात, बाजाराला जातात, देवीला जातात, पावण्याकडं जातात. जायचं म्हणजे कुठंतरी जायचं. नुसतंच निघायचं, चालायचं आणि हात हलवत घरी परत यायचं, याला आमच्या माण तालुक्यात 'रिकामपण' असा शब्द आहे. त्यामुळे आई गेल्यावर, २०२१ साली, अण्णांना आम्ही बेंगळुरूला आमच्याकडे घेऊन आलो आणि इथल्या डॉक्टरांनी त्यांना रोज पाऊण तास चालायला सांगितलं, तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, "कुठं?"

या प्रश्नाला एचएसआर लेआउटमध्ये उत्तर नाही. एचएसआर म्हणजे होसूर–सर्जापूर रोड. ऐंशीच्या दशकात आखलेली वस्ती, सात सेक्टर, आकड्यांचे मेन आणि आकड्यांचेच क्रॉस. पत्ता सांगताना पाढे म्हटल्यासारखं वाटतं. प्रत्येक सेक्टरात बागा आहेत आणि बागेत फरशीची गोल वाट आहे. त्या वाटेवर सकाळी लोक कानात बोंडं घालून एकाच दिशेने फिरतात. अण्णा दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "घाण्याच्या बैलाला निदान शेवटी तेल तरी दिसतं." मग चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसायला लागले.

अण्णा एकतीस वर्षं तलाठी होते. वाटेत भेटलेल्या माणसाला 'कुणीकडं?' विचारल्याशिवाय ते कधी पुढे गेले नाहीत. या शहरात असं कुणाला विचारता येत नव्हतं, कन्नड येत नव्हतं, आणि घरात आम्ही दोघं दिवसभर लॅपटॉपसमोर. त्यांच्या गुडघ्यांची मला फारशी काळजी नव्हती. गप्प बसण्याची होती.

त्यांना पुन्हा चालतं केलं ते इंग्लंडमधल्या एका आठवणीने. म्हणून आधी तिकडे जायला हवं.

माझा दादा शेफिल्डला असतो. २०१८च्या उन्हाळ्यात आई-अण्णा अडीच महिने त्याच्याकडे राहिले. त्या वर्षी तिकडे पाऊस इतका ओढला की हिरव्या इंग्लंडातली कुरणं पिवळी पडली. आई म्हणाली, "माझं पाऊल लागलं. माण सोबत आला." दादाने एका रविवारी त्यांना आगगाडीने ईडेलला नेलं. पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ मुलखातलं हे खेडं. १९५१ साली ब्रिटनने आपलं पहिलं राष्ट्रीय उद्यान केलं ते हाच मुलूख. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटलं की गावं उठवलेली असतात. तिथे उद्यानाच्या पोटात गावं आहेत, शेतं आहेत, मेंढ्या चरतात, लोक राहतात.

अण्णांना तिथे निम्मं ओळखीचंच वाटलं. बांधांवर चुना-मातीशिवाय दगडावर दगड रचलेल्या भिंती. आमच्याकडच्या तालीच त्या. मेंढ्या पाहून आईने धनगरवाड्यावरच्या सगळ्यांची नावं घेतली. उरलेलं निम्मं मात्र त्यांना कळेना. म्हातारी-कोतारी माणसं जाड बूट घालून, हातात काठी घेऊन, गळ्यात नकाशा अडकवून रानोमाळ चालत होती. कुणाच्या डोक्यावर वैरण नाही, कुणाच्या हाती जनावराचा कासरा नाही. ती मजेसाठी चालत होती. नदीकाठच्या भिंतीवर बसून डबा खात होती आणि समोरून येणाऱ्या परक्या माणसाला हवेबद्दल दोन शब्द बोलून पुढे जात होती.

मग ती फळी आली. एका शेताच्या भिंतीला चढून उतरण्यासाठी दोन पायऱ्यांची फळी ठोकलेली होती. शेजारी लाकडी खांब आणि त्यावर पाटी : सार्वजनिक पायवाट. बाण थेट शेतातून पलीकडे. अण्णा तिथेच थांबले.

"हे रान कुणाचं?"

"असेल कुणातरी शेतकऱ्याचं."

"मग आपण त्यातनं कसं काय?"

"अण्णा, जमीन त्याची. वाट सगळ्यांची."

त्या दिवशी दादाला डोंगर काही चढता आला नाही. फळीवर बसून अण्णांनी त्याची उलटतपासणी घेतली. नोंद कुठे असते? जिल्ह्याच्या कौन्सिलकडे, एका अधिकृत नकाशात. असे नकाशे करायचं १९४९च्या कायद्याने ठरलं. नकाशात वाट आहे म्हणजे ती आहे. वाद तिथे संपतो. आणि नकाशात नसली तर? लोक सलग वीस वर्षं, कुणाला न विचारता, लपूनछपून नव्हे तर उघड, कुणी न अडवता तिथून चालत असतील, तर मालकाने ती वाट लोकांना दिली असंच कायदा धरून चालतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सार्वजनिक वाटा सुमारे २,२५,००० किलोमीटर भरतात.

"म्हणजे वहिवाट," अण्णा म्हणाले. मग आईकडे वळून, जणू हरवलेला नातेवाईक सापडला अशा सुरात पुन्हा, "अगं, वहिवाटच आहे ही."

तलाठ्याच्या आयुष्यात वहिवाटीचं स्थान काय असतं, ते शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. महाराष्ट्रातल्या गावनकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवतात. त्याची रुंदी सव्वाआठ फूट. गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने. तो साडेसोळा ते एकवीस फूट. हे सव्वाआठ कुठून आलं? जुनी मोजणी तेहतीस फुटी साखळीने व्हायची. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. त्या साखळीचा पाव हिस्सा सव्वाआठ. ती तेहतीस फुटी साखळी पुन्हा इंग्लंडमधल्या सहासष्ट फुटी साखळीच्या बरोबर निम्मी. ईडेलच्या फळीवर बसून अण्णांनी हा सगळा हिशेब दादाला करून दाखवला.

नकाशावरची तुटक रेषा जमिनीवर टिकवणं मात्र सोपं नाही. बांधाकडेची वाट शेजारी दर नांगरटीला एक तास आपल्याकडे ओढतो. दहा वर्षांत सव्वाआठाचे चार फूट होतात, मग बाभळीचा फेस पडतो, मग एका पावसाळ्यात पलीकडच्याचा ऊस बाहेर काढायला बैलगाडी जात नाही, आणि दोन सख्ख्या भावांत कुऱ्हाडी निघतात. अडवलेल्या वहिवाटीसाठी १९०६चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, कलम पाच. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा लावायचा. मग स्थळपाहणी, पंचनामा, जाबजबाब. अण्णांनी अशा किती वाटांवर उन्हात उभं राहून पंचनामे लिहिले, त्याची मोजदाद नाही. पण त्या वाटांवरून केवळ आनंदासाठी चालायचं असतं, हे त्यांना एकाही पक्षकाराने सांगितलं नव्हतं.

परतीच्या गाडीत दादाने त्यांना किंडर स्काउटची गोष्ट सांगितली. ईडेलच्या डोक्यावरचा हा डोंगर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बड्या जमीनदारांकडे होता आणि ग्राउस या तित्तिराच्या जातीच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेला होता. वर्षातले थोडे दिवस बंदुका चालायच्या, आणि तेवढ्यासाठी बाकीच्यांना बारा महिने बंदी. आजूबाजूला मँचेस्टर आणि शेफिल्डसारखी धुराने काळवंडलेली शहरं. आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्या पोरांना रविवारी मोकळी हवा हवी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शेकडा तरुण ठरवून त्या डोंगरावर चढले. राखणदारांशी झटापट झाली, आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे उद्यानं झाली, नकाशे झाले. पण उघड्या माळरानावर वाट सोडूनही चालायचा हक्क कायद्यात यायला २००० साल उजाडलं.

अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे ही मौज पण दावा लावूनच मिळवलीय."

बेंगळुरूच्या बाल्कनीत बसलेल्या माणसाला हे सगळं एका संध्याकाळी आठवलं. निमित्त माझ्या मुलाने काढलं. शाळेत 'माझा परिसर' लिहून आणायला सांगितलं होतं आणि त्याने आजोबांना विचारलं, इथे आधी काय होतं? अण्णा म्हणाले, "गावनकाशा आण, सांगतो."

गावनकाशा फोनवर मिळाला. कर्नाटक सरकारच्या भूमापन खात्याचं 'दिशांक' नावाचं ॲप आहे. तुम्ही जिथे उभे असाल तिथला सर्व्हे नंबर आणि मूळ महसुली गाव ते दाखवतं. वर कितीही मजले चढलेले असोत, खाली नंबर तोच. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अण्णा बूट घालून दारात उभे होते. आता त्यांना 'कुठं' ते कळलं होतं.

त्या आठवड्यात आम्ही आकड्यांच्या लेआउटखालची गावं शोधत हिंडलो. अगरा, जक्कसंद्रा, हरळुकुंटे. एका सकाळी अण्णांनी इंग्रजी अक्षरं एकेक करून लावली आणि रस्त्यातच थांबले. "व्यंकोजीराव खाने," ते म्हणाले. मलाही खरं वाटेना. पण जुन्या महसुली दप्तरात या भागातल्या एका गावाचं नाव हेच आहे. शहाजीराजांना आदिलशाहीकडून बेंगळुरूची जहागीर मिळाली १६३८च्या सुमारास, आणि त्यांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी याच मुलखातून पुढे तंजावरला गेले. हा कुठला व्यंकोजीराव, याच्याशी अण्णांना कर्तव्य नव्हतं. आपल्या बोलीतलं एक नाव इथल्या दप्तरात आधीपासून बसलेलं आहे, एवढं त्यांना पुरलं. त्या दिवशी ते घरी येऊन दोन वेळा चहा प्यायले.

गावं सापडली तशा खुणाही दिसायला लागल्या. सरळ आखलेला रस्ता एखाद्या ठिकाणी उगाच वळतो. तिथे पिंपळाचा पार असतो आणि पारावर नागाचे दगड उभे असतात. अरुंद गल्लीत चार गाई बांधलेल्या असतात. डिसेंबर-जानेवारीत कोपऱ्यावर अवरेकाईचे, म्हणजे आपल्या पावट्याच्या शेंगांचे ढीग लागतात आणि त्यांच्या उग्र वासाने सगळी गल्ली शेतासारखी होते. आणि या सगळ्यांच्या शेवटी तळं असतं.

अगऱ्याचं तळं रिंग रोडला लागून आहे. हजारो गाड्या रोज त्याच्या शेजारून जातात. बेंगळुरूत मोठी नदी नाही. जुन्या लोकांनी उतारावर एकाखाली एक तळी बांधून पाणी धरलं. मडिवाळचं पाणी अगऱ्यात, अगऱ्याचं बेळंदूरमध्ये, तिथून वर्तूरला, मग दक्षिण पिनाकिनी नदीत आणि तमिळनाडूतून थेट बंगालच्या उपसागरात. अगऱ्याला गंग राजवटीतला, नवव्या शतकातला एक शिलालेख आहे. इरुगमय्या नावाच्या माणसाने दोन तळ्यांना मोऱ्या बसवल्या आणि तिसरं तळं बांधलं, असं त्यात नोंदलेलं आहे. अण्णांच्या लेखी हा अकराशे वर्षांपूर्वीचा फेरफार होता. तळ्यांना जोडणाऱ्या ओढ्याला इथे राजकालुवे म्हणतात. 'कालुवे' ऐकून अण्णांनी लगेच 'कालवा' जोडला. पाणी सोडणाऱ्या गावकामगाराला नीरगंटी म्हणायचे. तो आमचा पाटकरी. अशा एकेका शब्दावर पाय ठेवत ते या मुलखात उतरत होते.

तळ्याच्या बांधावरून चालताना पहिल्यांदा पक्षी दिसले ते मला. झोळीवाले पाणकावळ्यांच्या घोळक्यात शांत तरंगत होते, वेताच्या कडेने जांभळ्या पाणकोंबड्या लांब बोटं टाकत फिरत होत्या, वर ब्राह्मणी घार. अण्णा पाण्याकडे बघत होते, आणि मग एकदम म्हणाले, "तो बघ, तुझ्या आईचा वारकरी."

काळाकुळकुळीत, बदकाएवढा पक्षी, आणि कपाळावर पांढरा टिळा. मराठीत त्याला चांदवा म्हणतात आणि वारकरीही म्हणतात. शेफिल्डमधल्या एका तळ्याकाठी आईने तो पाहिला होता. तिने दोनदा पायी वारी केलेली. ती दादाला म्हणाली होती, "हा बघ, एवढ्या लांब येऊनसुद्धा गंध पुसलं नाही." तिथला आणि इथला पक्षी एकाच जातीचा. अण्णा बांधावरच्या बाकावर बसले आणि आईबद्दल बोलायला लागले. घरात ते तिचं नाव काढत नसत. तळ्यावर काढतात. म्हणून पावसातही मी त्यांना तळ्यावर जाण्यापासून अडवत नाही.

तळ्याला कुंपण आहे, फाटक आहे, उघडण्या-मिटण्याच्या वेळा आहेत. त्यामुळे तळं वाचलं, हे खरं आहे. कुंपण नसलेल्या तळ्यांत राडारोडा कसा पडतो ते या शहराने पाहिलंय. पण कुंपणाच्या बाहेर, गटाराच्या कडेला, एक म्हातारे गृहस्थ रोज विळ्याने गवत कापत असत. माझा मुलगा त्यांना ताता म्हणतो. कन्नडमध्ये आजोबांना तसं म्हणतात. जवळच्याच पाळ्यात, म्हणजे जुन्या वाडीत, त्यांचं घर आणि तीन गाई. पूर्वी त्यांच्या गाई याच बांधावरून पाण्यावर उतरायच्या. आता आत जनावरांना मज्जाव आहे.

अण्णांना कन्नड येत नाही, तातांना मराठी नाही, हिंदी दोघांची बेतास बात. तरी पहिल्याच दिवशी दोघं अर्धा तास बोलले. मी जवळ जाऊन ऐकलं तर नुसते महसुली शब्द चालले होते. सर्व्हे नंबर. हिस्सा. खराब. पहणी, म्हणजे आपली पाहणी. कर्नाटकात सातबाऱ्याला तेच नाव. तहसीलदार. राज्यं बदलली, लिपी बदलली, पण शेतकऱ्याच्या नशिबाचे शब्द दोन्हीकडे सारखेच राहिले. तातांनी हवेत बोट फिरवून आपली नाचणी कुठे होती ते दाखवलं. तिथे आज एका चारमजली इमारतीत व्यायामशाळा आहे. ती जमीन लेआउटमध्ये गेली. दुःख सांगतात तसं त्यांनी ते सांगितलं नाही. सर्व्हे नंबर मात्र अजून तोंडपाठ होता.

तेव्हापासून मी मजेने चालण्याचा वेगळ्या तऱ्हेने विचार करते. मी तळ्यावर पक्षी बघायला जाते आणि मनापासून जाते; दुर्बीणही घेतली आहे. लेआउटमधल्या आमच्यासारख्या हजारोंना हे पाणी, ही हवा लागते, आणि आम्ही गलका केला म्हणूनच अशी तळी टिकतात. पण ईडेलच्या वाटा फिरणाऱ्यांसाठी पाडलेल्या नव्हत्या. त्या खाणीकडे, देवळाकडे, बाजाराकडे, शेजारच्या वाडीकडे जाणाऱ्या माणसांनी पायाखाली घालून पाडलेल्या होत्या. फिरणाऱ्यांनी त्या मागून मागितल्या, आणि शेतकऱ्याला न उठवता मिळवल्या. आजही त्या शेतात मेंढ्या चरतात आणि चालणारा माणूस फाटक आठवणीने लावून पुढे जातो. आमच्या तळ्यावर फिरणारा आत आला आणि गाईवाला बाहेर राहिला. हे मी अण्णांना बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "दोघांची वहिवाट नोंदवता येते. रकाना असतो त्याला." खरंच असतो, सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' असा रकानाच आहे.

आता अण्णांनी स्वतःचा नकाशा केला आहे, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. पार, नागाचे दगड, गाईंची गल्ली, राजकालुव्यावरचा फरशीपूल, तळ्याचा सांडवा आणि आईच्या वारकऱ्याचा बाक. त्यांना जोडणारी एक तुटक रेषा. रोज ते त्या रेषेवरून चालतात आणि वाटेत भेटलेल्याला 'येल्लिगे?' विचारतात, म्हणजे कुणीकडं. ते एक कन्नड त्यांनी चोख शिकून घेतलं. लोक हसून सांगतातही.

गेल्या फेब्रुवारीत त्या रेषेवर अडथळा आला. पाळ्यातून तळ्याकडे निघणारी एक बोळ बांधकामासाठी पत्रे ठोकून बंद झाली. ताता गवताचा भारा घेऊन पाऊण किलोमीटरचा वळसा घालायला लागले. अण्णांनी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली आणि महिने मोजायला सुरुवात केली. १९०६चा तो कायदा मुंबई इलाख्याचा, इथे तो चालत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी ते मोजत होते आणि रोज त्या पत्र्यापर्यंत जाऊन उभे राहत होते. मग तातांच्या गल्लीतली आणखी दोघं-तिघं त्यांच्याबरोबर उभी राहायला लागली. कुणी काही बोलत नसे. कामावरचा मुकादम एकदा येऊन विचारून गेला.

चौथ्या महिन्यात एका सकाळी पत्र्याचा एक कोपरा वाकवलेला दिसला. कुणी वाकवला ते कुणी सांगितलं नाही. ताता आधी गेले, भारा पलीकडून ओढून घेतला. अण्णांनी वाकून फटीला वीत लावली.

"दीड फूट," ते म्हणाले, आणि अंग चोरून आत शिरले.